शाळा सोडण्याचे कारण

१८४१ साली पुण्यातला १४ वर्षांचा एक मुलगा दुसऱ्यांदा शाळेत गेला. पहिल्या खेपेला तो सातव्या वर्षी मराठी शाळेत बसला होता. तिथं अक्षरओळख झाली, हिशेब जमू लागला, आणि मग वडिलांनी त्याचं नाव काढलं. घरचा धंदा फुलांचा आणि मळ्याचा. लिहिता-वाचता येणारा मुलगा मातीत राबू लागला, तेराव्या वर्षी त्याचं लग्नही झालं. त्या काळच्या रीतीनं त्याचं शिकणं तिथंच संपलं होतं. पण शेजारी राहणारे उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिट नावाचे एक ख्रिस्ती गृहस्थ, या दोघांना ते पटेना. त्यांनी मुलाच्या वडिलांची, गोविंदरावांची, समजूत घातली. स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत मुलाचं नाव पुन्हा घातलं गेलं आणि १८४७ पर्यंत तो तिथं शिकला. जोतीराव फुले ते हेच.

फुल्यांच्या चरित्रात हा प्रसंग एखाद्या परिच्छेदात उरकतो. पुढं इतकं काही घडणार असतं की वाचक घाईनं १८४८ सालाकडं, भिडे वाड्याकडं वळतो. पण मराठी शाळा आणि इंग्रजी शाळा यांच्यामधली ती मळ्यातली वर्षं थोडी थांबून पाहायला हवीत. पुण्याच्या शिक्षणाचा सगळा इतिहास त्या फटीत दडलेला आहे. शाळा किती निघाल्या, हे पुण्यानं अभिमानानं सांगितलं. एका शाळेतून निघालेलं पोर दुसऱ्या शाळेत पोचलं का, हे विचारायला मात्र फार वर्षं लागली.

मराठीत ‘नाव काढणं’ याचे दोन अर्थ होतात. मुलानं नाव काढलं म्हणजे त्यानं कीर्ती मिळवली, आणि मुलाचं नाव काढलं म्हणजे त्याची शाळा संपली. दुसऱ्या अर्थानं ज्यांची नावं काढली गेली, त्यांची ही गोष्ट आहे.

शिक्षणखात्याच्या भाषेत याला ‘गळती’ म्हणतात. पुण्यातल्या जुन्या वाड्यांत राहिलेल्या माणसांना गळती चांगली ठाऊक आहे. मृगाचे पहिले थेंब माजघरात पडू लागले की कौलं चाळायला माणूस वर चढायचा. दोष छपराचा आहे, हे घरातल्या लहान पोरालाही कळायचं. शाळेच्या गळतीत मात्र दोष गळणाऱ्याच्या माथी मारला गेला. मुलाला अभ्यासाची गोडी नाही, आईबापांना शिक्षणाचं महत्त्व नाही, असं शंभर-सव्वाशे वर्षं म्हटलं गेलं. छपराकडं पाहिलं ते मोजक्याच माणसांनी.

ते छप्पर कसं होतं? ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात एक नव्हे, दोन जिने उभे राहिले. पहिला मराठी शाळेचा. त्याच्या वरच्या टोकाला ‘व्हर्नाक्युलर फायनल’ ही परीक्षा होती. ‘फायनल झालेला’ माणूस गावात मास्तर किंवा तलाठी व्हायचा आणि तेवढ्यावर त्याला आयुष्यभर मान असायचा. दुसरा जिना इंग्रजी शाळेचा. त्याच्या टोकाला मॅट्रिक, आणि मॅट्रिकच्या पलीकडं कॉलेज, वकिली, मामलेदारी. पहिल्या जिन्यावरून दुसऱ्यावर जायची वाट मराठी चौथीनंतर फुटायची. मराठी चौथी झालेलं मूल ‘इंग्रजी पहिली’त बसायचं. घरात इंग्रजीचं वारं असलं, फी भरायची ऐपत असली आणि इंग्रजी शाळा असलेल्या गावात राहायची सोय असली, तरच ही उडी जमायची. नाही जमली तर मूल मराठी पाचवी, सहावी, सातवी करत पहिल्याच जिन्यावर राहायचं. बहुतेक मुलं तर चौथीपर्यंतही पोचत नसत. म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या पोरानं पुढं कारकून व्हायचं, वकील व्हायचं की नांगर धरायचा, हे त्याच्या बुद्धीनं ठरत नव्हतं. घर कुठल्या गावात आहे आणि कुठल्या जातीचं आहे, यावरून ते ठरत होतं.

मुलींना तर दुसरा जिनाच नव्हता.

फुले पतिपत्नींनी १८४८ पासून पुण्यात मुलींच्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांच्या शाळा काढल्या. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारनं जोतीरावांचा सत्कार केला. या शाळांतली एक विद्यार्थिनी मुक्ता साळवे. मांग समाजातली ही मुलगी चौदा वर्षांची असताना तिनं महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या पत्रात छापून आला. तीन वर्षांच्या शिक्षणावर तिनं धर्मग्रंथांच्या मालकीलाच प्रश्न विचारला होता. आज तो निबंध दलित साहित्याच्या आणि स्त्रीसाहित्याच्या आरंभी ठेवला जातो. पण १८५५ साली पुण्यात त्या बुद्धिमान मुलीला पुढं शिकायचं म्हटलं, तर जाण्यासारखी शाळा नव्हती. मराठी मुलींसाठी पुण्यात हायस्कूल निघायला अजून २९ वर्षं होती. आणि निघालं तेव्हाही त्याचं दार मुक्ताच्या वस्तीपासून फार लांब होतं.

मुलग्यांनाही वाट सोपी नव्हती. पुण्याच्या सार्वजनिक जीवनात पुढं मोठी झालेली दोन माणसं कोकणातली आणि गरीब घरची. मुरूडचा धोंडो केशव कर्वे १८७५ साली सहावीची सरकारी परीक्षा द्यायला निघाला. परीक्षेचं ठिकाण सातारा. पाऊसपाण्यामुळं बोटीची वाट बंद होती, म्हणून तो सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून चालत गेला. सुमारे ११० मैलांची पायपीट. परीक्षेला बसायला १७ वर्षं पुरी असावी लागत. धोंडोची ती झाली होती, तसा दाखलाही जवळ होता. पण अंगकाठी बारकी. परीक्षा घेणाऱ्या साहेबांना तो लहान वाटला आणि त्यांनी त्याला बसू दिलं नाही. आलेल्या वाटेनं मुलगा परत गेला. पुढच्या वर्षी तो पास झाला, मग इंग्रजीच्या मागं लागला आणि १८८१ साली मॅट्रिक झाला. तेव्हा त्याचं वय २३ होतं.

त्याच साली मॅट्रिक झालेला दुसरा मुलगा गोपाळ कृष्ण गोखले. १८७९ मध्ये त्याचे वडील वारले. थोरला भाऊ गोविंदराव अठरा वर्षांचा. घरात दोघांपैकी एकालाच शिकता येईल, हे उघड होतं. गोविंदरावांनी शाळा सोडली आणि कागलला १५ रुपये पगाराची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते दरमहा गोपाळच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवत. एका भावाचं नाव शाळेतून निघालं, म्हणून दुसऱ्याचं राहिलं. पुढं देशाच्या कायदेमंडळात बोलणाऱ्या गोखल्यांच्या मागं १५ रुपयांतून बाजूला काढलेले ते ८ रुपये होते, हे महाराष्ट्रानं विसरू नये. गोविंदरावांच्या नावाचा कुठं पुतळा नाही. हायस्कुलात पोचलेल्या मुलांच्या मागं अशी किती थोरली भावंडं उभी होती, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

हे दोघेही ब्राह्मण घरातले होते. अक्षराला घरात मान होता, शिकलेले नातेवाईक होते. त्यांना एवढं सोसावं लागलं, तर कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या मुलाचं काय होत असेल, याचा विचार वाचकानं करावा.

तो विचार मांडायला १८८२ मध्ये एक व्यासपीठ मिळालं. विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालचा शिक्षण आयोग पुण्यात आला. पंडिता रमाबाई नुकत्याच पुण्यात आल्या होत्या. त्यांनी आयोगापुढं साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका हव्यात, स्त्री-डॉक्टर हव्यात, असं सांगितलं. १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख असलेलं निवेदन जोतीरावांनी दिलं. त्याखाली त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली होती. तेव्हा ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. सरकारचा महसूल कष्टकऱ्यांकडून येतो आणि शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, हा त्यांचा मूळ मुद्दा सर्वांना ठाऊक आहे. त्या निवेदनाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे आणि त्याची चर्चा कमी होते. शेतकऱ्याचं मूल शाळेत का टिकत नाही, याची कारणं त्यांनी तिथं दिली. गुरं राखायला आणि शेतात हात लावायला ते लागतं. त्याला ओढून ठेवील अशी शिष्यवृत्ती नाही, बक्षीस नाही. मास्तर त्याच्या समाजाचा नाही आणि त्याच्याशी मिसळत नाही. म्हणून बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करावं, शेतकरी समाजातून शिक्षक घ्यावेत, त्यांचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा, मोडी आणि बाळबोध लिपीबरोबर हिशेब, शेतीची ओळख, आरोग्य शिकवावं, अशा त्यांच्या मागण्या होत्या. ज्याचं स्वतःचं नाव एकदा शाळेतून काढलं गेलं होतं, त्या माणसानं हे लिहिलं होतं. या निवेदनातली नेमकी माहिती कोणत्याही कचेरीत बसून जमली नसती.

आयोगानं त्यांची सक्तीची मागणी मान्य केली नाही.

दोन वर्षांनी मुलींच्या जिन्याची पहिली पायरी बसली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर प्रभृतींनी मुलींचं हायस्कूल काढायचं ठरवलं. त्यासाठी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढं इंग्रजीतलं निवेदन वाचलं ते रमाबाई रानडे यांनी. बाईमाणसानं चारचौघांत, तेही साहेबाच्या भाषेत बोलावं, हे घरच्या वडीलधाऱ्या बायकांना रुचलं नाही. रमाबाईंना घरी जे ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. १८८४ च्या सप्टेंबरात शाळा सुरू झाली आणि पुढं पेशव्यांच्या घोड्यांची पागा होती त्या जागेत गेली. म्हणून आजही ती ‘हुजूरपागा’.

शाळा निघाली आणि वादही पेटला. टिळकांच्या ‘मराठा’ पत्रानं शाळेच्या अभ्यासक्रमावर हल्ला चढवला. मुलींना मुलग्यांसारखं हायस्कूलचं शिक्षण कशाला, घरसंसाराला उपयोगी पडेल ते शिकवा, आणि अकरा ते पाच अशी दिवसभर शाळा भरवली तर घरची कामं कुणी करायची, असा रोख होता. शाळेची वेळ हा मुद्दा आज किरकोळ वाटेल. तो किरकोळ नव्हता. पाणी भरणं, भांडी, धाकटं भावंड सांभाळणं हे सगळं मुलीवर असलेल्या घरात अकरा ते पाच या वेळेनंच तिचं पुढचं शिक्षण ठरायचं. टिळकांचे जुने सहकारी गोपाळ गणेश आगरकर यांनी उलट बाजू घेतली. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र बसवून द्यावं, असं त्यांनी ‘सुधारक’मध्ये मांडलं. या वादात आगरकर बरोबर होते. टिळकांच्या इतर थोरवीमुळं त्यांची ही चूक झाकायचं कारण नाही.

याच काळात पुणं हायस्कुलांचं शहर होत होतं. २ जानेवारी १८८० ला विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. १८८३ मध्ये नूतन मराठी विद्यालयाची सुरुवात झाली, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. कोकणातून, घाटावरून मुलं पुण्याला येऊ लागली. ती राहायची कुठं, जेवायची काय? याला शहरानं स्वतःचं उत्तर दिलं होतं. वार लावायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्यांना वार मिळत नसत ती मुलं दुपारी झोळी घेऊन माधुकरी मागत. सदाशिव, नारायण, शनिवार पेठांतल्या कितीतरी घरांत एक पान परक्या मुलाचं असे. हायस्कूलची बाकं भरली ती या ताटांमुळं. १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघालं. आजचं पुणे विद्यार्थी गृह ते हेच. माधुकरीच्या चालीला तिथं संस्थेचं रूप आलं.

या व्यवस्थेत माया होती, हे खरं. पण तिच्याभोवती सोवळ्याची रेघ होती, हेही तितकंच खरं. वार ब्राह्मणाच्या मुलाला मिळत. मावळातून आलेल्या मराठ्याच्या किंवा रामोशाच्या पोरानं कुठल्या दारात ताट मागायचं? त्याला चौथीनंतर पुण्यात यायचं तर आधी निवारा हवा होता. म्हणून बहुजन समाजाच्या शिक्षणाचा इतिहास शाळांआधी बोर्डिंगांचा आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची वसतिगृहं काढली आणि १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पुण्यात विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशननं अस्पृश्य मुलांसाठी शाळा आणि वसतिगृह चालवलं. बाबूराव जगताप यांच्या पुढाकारानं १९१८ मध्ये श्री शिवाजी मराठा शाळा सुरू झाली. १९३२ मध्ये पुणे करारानंतर कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत. साताऱ्याच्या बोर्डिंगात कर्मवीरांनी जे आधी करून दाखवलं होतं, तेच त्यांनी पेठांच्या शहरात आणून मांडलं.

वय उलटून गेलेल्यांसाठीही वाटा काढाव्या लागल्या. फुल्यांनी १८५५ मध्येच कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. फर्ग्युसनला १८९१ मध्ये गणिताचे प्राध्यापक म्हणून आलेल्या कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढं हिंगण्याच्या माळावर नेला, आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सेवासदनात १९०९ पासून चूल-मूल करून झालेल्या बायका पाटी-पेन्सिल घेऊन बसू लागल्या. पंचवीस-तीस वर्षांच्या बाईनं मराठी पहिलीपासून सुरुवात करून शिक्षिका व्हायचं, हे दृश्य पुण्यानं तिथं पाहिलं.

हे सगळे वैयक्तिक पुरुषार्थ होते. सरकारनं हमी घ्यावी, ही मागणी पुन्हा पुढं आली ती भावाच्या ८ रुपयांवर शिकलेल्या गोखल्यांकडून. १९१० मध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला, १६ मार्च १९११ ला विधेयक आणलं. वर्षभरानं त्यावर मतदान झालं. बाजूनं १३, विरुद्ध ३८. १९१५ मध्ये गोखले गेले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानं मुंबई इलाख्यात कायदा झाला, पण त्यानं सक्ती करायची की नाही हे नगरपालिकांवर सोपवलं.

मग पुण्यात जे झालं ते शहराला शोभणारं नव्हतं. सक्ती आधी फक्त मुलग्यांना करावी, मुलींचं पैसे असतील तेव्हा बघू, असं नगरपालिकेतल्या बऱ्याच जणांचं आणि टिळकपक्षाचं म्हणणं होतं. शिंदे, रमाबाई रानडे आणि सेवासदनच्या स्त्रिया यांना ते मान्य नव्हतं. १९२० च्या फेब्रुवारीत किर्लोस्कर थिएटरात या प्रश्नावर सभा भरली आणि गोंधळात उधळली. टिळकांसारख्या नेत्यालाही तिथं नीट बोलता आलं नाही. रमाबाईंच्या पुढाकारानं स्त्रियांचा मोर्चा निघाला. ज्या बाईनं ३५ वर्षांपूर्वी गव्हर्नरपुढं भीत भीत इंग्रजी वाचलं होतं, ती आता मोर्चाच्या पुढं चालत होती. मुलीचा पाढा मुलाच्या पाढ्यानंतर का, एवढाच तिचा प्रश्न होता.

स्वातंत्र्यानंतर दोन जिने जोडले गेले. १९४७ मध्ये मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला. मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठाच्या हातून काढून पुण्यात एसएससी बोर्ड स्थापन झालं आणि १९४९ मध्ये पहिली एसएससी परीक्षा झाली. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानं पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढलं. या निर्णयावर मध्यमवर्ग फार रागावला होता आणि आजही त्याला नावं ठेवली जातात. पण जिन्याच्या बाजूनं पाहिलं तर त्यात एक न्याय होता. आता खेड्यातल्या मराठी शाळेत सातवी झालेलं मूल आणि शहरातल्या हायस्कुलात सातवी झालेलं मूल आठवीच्या दारात एकाच रेषेवर उभं राहत होतं. इंग्रजी दोघांनाही तिथंच सुरू होणार होती. ही व्यवस्था फार वर्षं टिकली नाही. पुढं इंग्रजी पाचवीत परत आली आणि रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० सालापासून थेट पहिलीत.

किती मुलं गळतात आणि का, हे शास्त्रशुद्ध पद्धतीनं मोजायचं कामही पुण्यातच झालं. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा भागातल्या प्राथमिक शिक्षणाची पाहणी केली. त्या वेळी साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले होते. दोन पाहण्यांचा अहवाल १९५५ मध्ये निघाला. एका पाहणीत शाळा सोडलेल्या माणसांना काही वर्षांनी किती लिहिता-वाचता येतं, हे तपासलं. दुसरीत मुलं एकाच इयत्तेत किती वर्षं अडकतात आणि कितव्या इयत्तेतून घरी बसतात, हे. नापास करून त्याच वर्गात बसवलेलं मूल पुढच्या वर्गात जात नाही, बहुधा घरी जातं, हे आकड्यांनी पुढं आलं. दोष छपराचा आहे, हे आता वहीत मांडलं गेलं होतं.

पुढचा काळ थोडक्यात सांगता येईल. यशवंतराव चव्हाणांच्या काळात कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली. त्या ‘ईबीसी’ सवलतीनं शेतकऱ्यांच्या मुलांची एक सबंध पिढी हायस्कुलात आणि कॉलेजात गेली. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी आपली भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये पुण्यात आणली. ते आणि चित्राताई नाईक यांनी दिवसा गुरांमागं जाणाऱ्या मुलामुलींसाठी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत संध्याकाळचे वर्ग उभे केले. फुल्यांनी १८८२ मध्ये सांगितलेली अडचण शंभर वर्षांनीही तशीच होती. फरक एवढाच, की आता शाळा मुलांच्या वेळेनं भरू लागली. १९९६-९७ पासून खेड्यातल्या मुलींना हायस्कुलात जायला एसटीचा प्रवास अहिल्याबाई होळकरांच्या नावानं मोफत झाला. पासाच्या त्या छोट्या कागदानं किती मुलींना आठवीत नेलं, हे कुठल्याही एसटी स्टँडवर सकाळी दहाला उभं राहिलं की दिसतं.

शहरात प्रश्नानं वेगळं रूप घेतलं. १९९० च्या सुमारास कर्व्यांच्याच महिला विद्यापीठाच्या, म्हणजे एसएनडीटीच्या, पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांचे वर्ग घेऊ लागल्या. लवकरच त्यांच्या ध्यानात आलं की वर्गानं भागणार नाही. आईची कमाई वाढल्याशिवाय पोराच्या खांद्यावरचं पोतं उतरणार नाही. मग त्यांनी आयांना ओळखपत्रं दिली, उकिरड्याऐवजी घरांतून वेगळा केलेला कागद-काच-पत्रा मिळवून दिला. त्यातूनच १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. मुलाचं शाळेत नाव राहावं म्हणून आधी आईच्या पोटापाण्याकडं पाहायचं, ही गोविंदरावांच्या ८ रुपयांचीच गोष्ट होती. फक्त इथं भावाऐवजी संघटना उभी होती.

आज कायद्यानं ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क आहे. तो २०१० पासून लागू झाला आणि आठवीशी संपतो. त्यामुळं जुना चौथीचा, मग सातवीचा उंबरठा आता आठवी-नववीच्या मध्ये सरकला आहे. पुणे महापालिकेच्या प्राथमिक शाळा वस्तीवस्तीत आहेत, माध्यमिक शाळा त्या मानानं फार थोड्या. नववीला शाळा बदलायची म्हणजे अंतर वाढतं, खर्च वाढतो, ओळखीचे शिक्षक सुटतात, आणि मुलगी असेल तर घरच्यांची काळजीही वाढते. केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या शाळानोंदींप्रमाणे देशभरात आठवीतून नववीत जाणाऱ्यांचं प्रमाण ८६.६ टक्के आहे. आदल्या वर्षी ते ८३.३ होतं. म्हणजे सुधारणा आहे. पण शंभरातली तेरा-चौदा मुलं अजून त्या उंबरठ्यावरून परत फिरतात.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला शाळा बदलताना ‘शाळा सोडल्याचा दाखला’ मिळतो. त्यात प्रगती, वर्तणूक यांच्याबरोबर एक रकाना असतो, ‘शाळा सोडण्याचे कारण’. आठवीच्या दाखल्यावर तिथं बहुधा पुढील शिक्षणासाठी असं लिहिलेलं असतं. तो कागद पुढच्या शाळेच्या कचेरीत जमा झाला तर ते खरं ठरतं. घरच्या पत्र्याच्या पेटीत राहिला तर मुलाचं शिक्षण त्या पेटीतच संपतं.

एप्रिल-मेमध्ये निकाल लागतात, जूनमध्ये शाळा भरतात. मधल्या दीड-दोन महिन्यांत, उन्हाळ्याच्या सुट्टीत, हे सारं ठरतं. आपल्या सोसायटीच्या राखणदाराची मुलगी, घरी कामाला येणाऱ्या ताईंचा मुलगा, शेजारच्या बांधकामावर पत्र्याच्या खोलीत राहणारी मुलं यंदा आठवी झाली असतील. गफार बेग मुन्शी आणि लिजिट यांनी केलं ते कुठल्याही शेजाऱ्याला जमण्यासारखं आहे. जून उजाडायच्या आत त्यांच्या घरी जाऊन एवढं विचारा : दाखला काढला का, आणि नववीला नाव कुठं घातलं?